एकोणचाळीस मिनिटं

शुक्रवार, ३ ऑगस्ट २०१२. सॅन फ्रान्सिस्को. दुपारी साडेचार वाजता मॅट होनन यांच्याकडे होतं ते असं: एक मॅकबुक, एक आयपॅड, एक आयफोन. आठ वर्षांची पत्रं साठवलेलं जीमेल खातं. स्वतःच्या नावाची वेबसाइट. ट्विटरवर रोमन लिपीतल्या अवघ्या तीन अक्षरांत बसणारं ‘मॅट’ हे नाव. आणि लॅपटॉपमध्ये, फक्त लॅपटॉपमध्ये, मुलीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो. मुलगी वर्षाची होऊन थोडेच दिवस झाले होते.

होनन ‘वायर्ड’ मासिकात तंत्रज्ञानावर लिहीत. नोकरी होती, तरी बाजारात चालत होतं ते नाव. लेखक, छायाचित्रकार, एकट्याने काम करणारा डिझायनर, सगळ्यांचं असंच असतं. ब्रँड म्हणजे तो माणूसच, आणि कचेरी म्हणजे त्याचा लॅपटॉप.

संध्याकाळी ५ वाजून ५ मिनिटांनी यातलं बहुतेक सगळं गेलेलं होतं. कोणी पासवर्ड फोडला नाही, कुठला व्हायरस आला नाही. पुढच्या वेळा होनन यांनी स्वतः ‘वायर्ड’मध्ये लिहिलेल्या हकिगतीतल्या आहेत. त्यांनी त्या इनबॉक्समधल्या मेलवरून आणि ॲपलच्या मदतकेंद्राच्या नोंदींवरून जुळवल्या होत्या.

पावणेपाच वर्षं आधी

ऑक्टोबर २००७ मध्ये ॲपलने मॅकसोबत ‘टाइम मशीन’ द्यायला सुरुवात केली. बाहेरची एक डिस्क जोडायची, एकदा ‘हो’ म्हणायचं. पुढे ते दर तासाला आपोआप प्रत काढत राहतं. वेगळे पैसे नाहीत, शिकण्यासारखंही काही नाही. होनन यांच्या मॅकबुकची अशी प्रत कुठल्याही डिस्कवर नव्हती.

दीड वर्ष आधी

फेब्रुवारी २०११. गूगलने दुहेरी पडताळणी सर्वसाधारण खातेदारांसाठी खुली केली. पासवर्डनंतर फोनवर आलेला आकडाही टाकायचा. सुरू करायला काही मिनिटं लागत. होनन यांनी ती सुरू केली नाही. केली असती तर सगळं इथेच थांबलं असतं, असं त्यांनी पुढे लिहिलं. पेशाने तंत्रज्ञानाचा पत्रकार. ही सोय त्यांना ठाऊक नव्हती असं कोणीच म्हणणार नाही.

दहा महिने आधी

१२ ऑक्टोबर २०११ ला आयक्लाउड सुरू झालं. त्यासोबत हरवलेला मॅक नकाशावर शोधण्याची सोय आली. त्याच पानावर आणखी एक बटण होतं: यंत्र दुरून पुसून टाका. पुसायचा हुकूम देणाऱ्याने चार आकडी पिन ठरवायचा. पुसणं सुरू झालं की यंत्र तोच पिन मागे.

चोरीला गेलेल्या फोनसाठी ही सोय चांगली. फोनमध्ये असतं त्याची प्रत बहुधा दुसरीकडे असते. लॅपटॉपचं तसं नसतं. बहुतेकांचा मूळ ऐवज तिथेच असतो. होनन यांनी मॅकवरही ती सोय चालू ठेवली होती. आपल्या लॅपटॉपचा नाश करण्याचा अधिकार त्यांनी एका खात्याला दिला होता, आणि त्या खात्याच्या मेलपेटीत ते क्वचितच डोकावत.

४:३३ च्या आधी: ट्विटर ते वेबसाइट

पुढे ‘फोबिया’ या टोपणनावाने होनन यांच्याशी बोललेला मुलगा १९ वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या साथीदाराला ते तीन अक्षरी नाव हवं होतं. एवढंच. होनन कोण, कुठे लिहितात, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

ट्विटरच्या पानावर वेबसाइटचा पत्ता होता. वेबसाइटवर जीमेलचा पत्ता होता. ट्विटरचं खातं याच मेलवर असणार, हा त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

४:३३ च्या आधी: जीमेलचं पान

त्यांनी गूगलच्या ‘पासवर्ड विसरलात?’ पानावर तो पत्ता टाकला. दुहेरी पडताळणी नसल्यामुळे पानाने नवा पासवर्ड कुठे पाठवता येईल ते दाखवलं: पहिलं अक्षर, ठिपके, शेवटचं अक्षर, पुढे ॲपलच्या मेलसेवेचं नाव. ठिपक्यांमागे काय आहे हे ओळखणं अवघड नव्हतं. जीमेल, ॲपल आणि ऑफिस, तिन्ही पत्त्यांचा पुढचा भाग होनन यांनी एकच ठेवला होता. लक्षात ठेवायला सोपं, म्हणून.

म्हणजे ॲपलचं खातं आहे, आणि जीमेलची किल्ली तिथे आहे.

एकट्याच्या धंद्यात फायलींची व्यवस्था म्हणजे फोल्डरांची नावं, असा आपला समज असतो. लोगोची मूळ फाइल एका जागी, छपाईची पीडीएफ दुसऱ्या जागी, मग ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’. हा पसारा आवरायला माणूस अख्खा रविवार घालवतो. डोमेनच्या नूतनीकरणाची आठवण कोणत्या मेलवर येते, त्या मेलचा पासवर्ड गेला तर नवा कोणत्या मेलवर येतो, आणि त्या दुसऱ्या मेलच्या ताब्यात आणखी काय काय आहे, हे कागदावर मांडायला कोणी बसत नाही. फोल्डर तर आत असतात. जुडग्यातली कुठली किल्ली कुठल्या दाराची, हे होनन यांच्याही आधी त्या दोन पोरांनी मांडून पाहिलं होतं.

४:३३ च्या आधी: घरचा पत्ता

ॲपलच्या मदतकेंद्राला ओळख पटवायला तीन गोष्टी पुरत होत्या: ई-मेल, बिलाचा पत्ता, आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे.

ई-मेल मिळालाच होता. पत्ता ‘हूइज’ या डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत मिळाला. स्वतःच्या नावाची वेबसाइट घेताना नोंदणीत खरा पत्ता द्यावा लागतो, आणि २०१२ मध्ये ती नोंद कोणीही उघडून वाचू शकत असे. थोडे पैसे भरले तर पत्ता झाकून मिळे. एकट्याने धंदा करणाऱ्याची कचेरी बहुधा घरीच असते, त्यामुळे या नोंदीत घरचा पत्ता जातो.

४:३३ च्या आधी: चार आकडे

चार आकड्यांसाठी ॲमेझॉनला दोनदा फोन करावा लागला.

पहिल्या फोनवर सांगायचं, माझ्या खात्यात नवं कार्ड जोडायचं आहे. त्यासाठी नाव, ई-मेल आणि बिलाचा पत्ता पुरेसा होता. कार्डाचा नंबर बनावट चालत होता. अशा नंबरांचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने ठरतो आणि ते गणित जगजाहीर आहे. त्यात बसणारा नंबर तयार करून देणाऱ्या वेबसाइटही होत्या. फोन ठेवायचा.

दुसऱ्या फोनवर सांगायचं, मला माझ्या खात्यात शिरता येत नाही. आता ओळख म्हणून नाव, पत्ता आणि कार्डाचा नंबर द्यायचा. मघाशी आपणच जोडलेला. त्यावर खात्याला नवा ई-मेल जोडून मिळे. मग वेबसाइटवर जाऊन त्या नव्या मेलवर पासवर्ड मागवायचा. आत शिरलं की जोडलेली सगळी कार्डं दिसतात. पूर्ण नंबर नाहीत, प्रत्येकाचे शेवटचे चार आकडे.

ॲमेझॉनच्या लेखी ते चार आकडे पडद्यावर उघडे ठेवण्याइतके बिनमहत्त्वाचे होते. ॲपलच्या लेखी तेच चार आकडे माणसाची ओळख होते. दोन्ही कंपन्या आपापल्या नियमांनी चालत होत्या. एकाचे नियम दुसऱ्यासमोर ठेवून पाहण्याचं काम कुणाचंच नव्हतं.

४:३३ — ३२ मिनिटं बाकी

ॲपलच्या मदतकेंद्रात फोन वाजला. फोन करणाऱ्याने आपण मॅट होनन असल्याचं सांगितलं. ॲपलच्या मेलपेटीत शिरता येत नाही, अशी तक्रार होती.

खातेदाराने आधी ठरवलेले सुरक्षेचे प्रश्न विचारले गेले. पलीकडच्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

ज्याचे प्रश्न त्यालाच उत्तरं येत नाहीत, यावर कोणी थबकलं नाही. मग पत्ता आणि चार आकडे विचारले गेले. ते बरोबर होते. तात्पुरता पासवर्ड देण्यात आला. आपले अंतर्गत नियम इथे पूर्ण पाळले गेले नाहीत, असं ॲपलने नंतर सांगितलं.

४:५० — १५ मिनिटं बाकी

होनन यांच्या ॲपल मेलपेटीत निरोप आला: तुमचा पासवर्ड बदलला आहे. लगेच तो कचऱ्याच्या डब्यात गेला. आत शिरलेल्यांनी टाकला.

डब्यात टाकायची फारशी गरज नव्हती. ही पेटी होनन वापरतच नसत. चालू होती, कारण जुन्या पेट्या कोणी बंद करत नाही. जीमेलचा राखीव पत्ता म्हणून तिचं नाव कधीतरी भरलेलं होतं आणि तसंच राहिलं होतं.

४:५२ — १३ मिनिटं बाकी

त्याच पेटीत गूगलचा मेल आला. जीमेलचा नवा पासवर्ड हवा असल्यास इथे दाबा.

४:५४ — ११ मिनिटं बाकी

आणखी एक मेल: तुमच्या गूगल खात्याचा पासवर्ड बदलला आहे.

चार मिनिटांत तीन सूचना आल्या होत्या. यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. तिन्ही सूचना ज्या दारातून चोर आत आले त्याच दाराला चिकटवलेल्या होत्या.

होनन घरीच होते. मुलीशी खेळत होते.

५:०० — ५ मिनिटं बाकी

आयक्लाउडच्या पानावरून आयफोन पुसण्याचा हुकूम गेला. फोन बंद पडला.

होनन यांना एका फोनची वाट होती, म्हणून ते आयफोन चार्जरला लावायला गेले. सुरू झाला तेव्हा पडद्यावर नव्या फोनसारखं स्वागत होतं. काहीतरी बिघाड असेल, असं त्यांना वाटलं. रोज रात्री फोनची प्रत निघत होतीच. फार तर थोडा वैताग. आयक्लाउडचा पासवर्ड टाकला. घेतला नाही. पुन्हा वैताग. घाबरले नव्हते, असं त्यांनी लिहिलं आहे.

५:०१ — ४ मिनिटं बाकी

आयपॅड पुसायचा हुकूम.

५:०२ — ३ मिनिटं बाकी

ट्विटरचा पासवर्ड बदलला. त्याचा मेल जीमेलला आला, आणि जीमेल आता दुसऱ्यांच्या ताब्यात होतं. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते तीन अक्षरी नाव त्यांच्या हाती आलं.

इथे थांबता आलं असतं. फायली त्यांना नको होत्या. पैसेही नको होते. पण मालक जागा झाला तर नाव परत घेईल, म्हणून परत येण्याच्या वाटा बंद करायच्या होत्या. आठ वर्षांची पत्रं आणि मुलीचे फोटो गेले ते एवढ्यासाठी. ते नेमके त्या वाटेवर होते.

५:०५

मॅकबुक पुसायचा हुकूम गेला. त्याच सुमारास गूगलचं खातं कायमचं काढून टाकण्यात आलं.

होनन फोन लॅपटॉपला जोडायला गेले. योगायोगाने थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी लॅपटॉपवर फोनची प्रत घेतली होती, ती भरायचा विचार होता. झाकण उघडलं. जीमेलची माहिती चुकीची आहे, असा कॅलेंडरचा संदेश होता. मग पडदा करडा झाला आणि चार आकडी पिन मागू लागला.

त्यांच्याकडे चार आकडी पिन नव्हताच. त्यांनी कधी ठेवला नव्हता. आपल्यावर हल्ला होतोय, हे त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते इथे.

एखाद्या डिझायनरचं यंत्र असतं तर आत काय असतं? पाच वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा वेक्टर लोगो, कारण फ्लेक्सवाल्याला आज अचानक तोच हवा असतो आणि गिऱ्हाइकाकडे फक्त व्हॉट्सॲपवर आलेला धुरकट चौकोन असतो. पैसे मोजून घेतलेले फॉन्ट आणि त्यांच्या पावत्या. ‘हे मंजूर’ असं लिहिलेले मेल, वाद झाला तर दाखवायचे. ही तिसरी गोष्ट यंत्रात नसून मेलमध्ये आहे, म्हणून सुरक्षित आहे, असं वाटतं. त्या शुक्रवारी यंत्र आणि मेल दोन्ही एकाच सुमारास गेले.

होनन यांनी इंटरनेटचा राउटर आणि मोडेम दोन्हींच्या वायरी उपसल्या. टीव्हीजवळचा मॅक मिनी बंद केला. बायकोचा फोन घेतला.

५:१०

ॲपलच्या मदतकेंद्राला फोन. साधारण अर्ध्या तासापूर्वी याच नावाने एक फोन येऊन गेला होता. फोन घेणाऱ्याने हे सांगितलं नाही.

५:१२

ट्विटरवर ‘मॅट’ या नावाने मजकूर आला. हे आम्ही केलं, असं जाहीर करणारा. पाठोपाठ वंशद्वेषाचे आणि समलिंगींना शिव्या देणारे संदेश. होनन पूर्वी ‘गिझमोडो’ या तंत्रज्ञानाच्या वेबसाइटवर काम करत. तेव्हा तिचं ट्विटर खातं त्यांच्या खात्याशी जोडलं होतं. नोकरी सुटली, जोड राहिली. तीही हल्लेखोरांच्या हाती लागली आणि त्या खात्यावरूनही असलेच संदेश जाऊ लागले. जुन्या धन्याची पाटी अजून त्यांच्या किल्लीने उघडत होती.

नावाने जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत फोटोंपेक्षा हे आधी दिसतं. यंत्र पुसल्याचं घरात कळतं. नावाने काय लिहिलं गेलं ते गावभर होतं.

५:१० ते साधारण ६:४०

मदतकेंद्राशी बोलणं दीड तास चाललं. होनन यांना सुरक्षेचे प्रश्न विचारले गेले. त्यांनी खरी उत्तरं दिली. ती चुकीची ठरली. मग दुसरा मार्ग म्हणून बिलाचा पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले. तेही जुळले नाहीत.

साधारण तासाभराने पलीकडच्याने त्यांना ‘मिस्टर हर्मन’ अशी हाक मारली.

आडनाव ऐकण्यात चूक झाली होती. तोवर दुसऱ्याच कोणाचं तरी खातं उघडून ठेवलेलं होतं. त्या दुपारी ॲपलला दोन फोन आले. खोट्या होनन यांना आत सोडलं, खऱ्यांना नाही. ४:३३ च्या फोनची माहिती पुढेही ॲपलने आपणहून दिली नाही. होनन यांनी विचारल्यावर दिली. हा दीड तास मात्र पूर्ण फुकट गेला नाही. त्यातला एक प्रश्न होनन यांच्या लक्षात राहिला: पत्ता आणि चार आकडे. दार कशाने उघडलं असेल, याचा माग त्यांना त्यावरून लागला.

पुढचे दिवस

सात अक्षरा-आकड्यांचा आपला पासवर्ड कोणीतरी यंत्राने फोडला असावा, असं होनन यांना आधी वाटत होतं. फोबियाने त्यांना तसं नसल्याचं कळवलं. तक्रार करणार नाही, असं वचन होनन यांनी दिलं. बदल्यात त्याने सगळा क्रम सांगितला. मुलीच्या फोटोंबद्दल त्याने हळहळही व्यक्त केली. पुसण्याचं काम साथीदाराने केलं, असं त्याचं म्हणणं होतं.

सोमवार, ६ ऑगस्ट

‘वायर्ड’ने हीच युक्ती दुसऱ्या एका खात्यावर करून पाहिली. चालली. होनन यांचा लेख त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. फोनवरून कार्ड किंवा ई-मेल बदलून देणं ॲमेझॉनने बंद केलं.

मंगळवार, ७ ऑगस्ट

फोनवरून पासवर्ड बदलून देणं ॲपलने तूर्त थांबवलं. ॲपलची स्वतःची दुहेरी पडताळणी यायला मार्च २०१३ उजाडला.

त्यानंतर

बहुतेक पासवर्ड एका तिजोरीवजा प्रोग्राममध्ये होते आणि ती फाइल ड्रॉपबॉक्समध्ये होती. ड्रॉपबॉक्समध्ये होनन यांनी कधीतरी बायकोच्या संगणकावरून प्रवेश केला होता. त्यामुळे ती फाइल तिथे सापडली. ही काही योजना नव्हती. एका जुन्या लॉगिनचं ते उरलंसुरलं होतं, पण आयक्लाउडच्या बटणाची पोच तिथवर नव्हती.

मॅकबुक सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला नोव्हॅटो इथे, गेलेला डेटा परत काढणाऱ्या एका कंपनीकडे गेलं. पुसणं पूर्ण होण्याआधी यंत्र बंद केलं गेलं होतं, म्हणून काही हाती लागण्याजोगं उरलं होतं. सुमारे तीन चतुर्थांश डेटा परत आला. त्यात मुलीचे फोटो होते. बिल झालं १,६९० डॉलर.